सोनोग्राफीत विषाणू दिसत नाही, मग काय दिसतं?

प्रश्न असा आहे. देवगड तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविका ताईंना गरोदरपणाचा विसावा आठवडा चालू आहे. पहिलं मूल अडीच वर्षांचं. दहाव्या आठवड्यात चार-पाच दिवस ताप, अंगदुखी आणि घसादुखी झाली आणि औषधाशिवाय गेली. परवाच्या ॲनॉमली स्कॅनमध्ये, म्हणजे बाळातले दोष शोधणाऱ्या सोनोग्राफीत, ‘बाळाची आतडी इकोजेनिक, बाकी दोष दिसत नाही’ असं आलं. म्हणून टॉर्च तपासणी (बाळाला इजा करू शकणाऱ्या संसर्गांसाठी आईच्या रक्ताची तपासणी) केली, तर सीएमव्ही या विषाणूची आयजीजी आणि आयजीएम ही रक्तातली प्रतिपिंडं दोन्ही पॉझिटिव्ह, शिवाय रुबेलाचं आयजीजी पॉझिटिव्ह. एका ठिकाणी सांगितलं, मूल ठेवू नका. दुसरीकडे सांगितलं, काही होत नाही, विसरून जा. त्या विचारतात, पोटातल्या बाळाला विषाणूचा संसर्ग झालाय हे सोनोग्राफीत कळतं का? आणि पुढची सोनोग्राफी नॉर्मल आली तर बाळ सुखरूप आहे असं धरायचं का?

ताई, दोन्हीपैकी कुठलाही सल्ला आज पाळू नका. तुमच्या हातातल्या कागदांवरून मूल काढायचा निर्णय घेता येत नाही, आणि विसरून जावं इतके ते कागद साधेही नाहीत. मी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गरोदर बायकांच्या सोनोग्राफ्या बरीच वर्षं करते आहे. टॉर्चचा कागद हातात घेऊन रडत आलेल्या बायका मी इतक्या पाहिल्या आहेत की या विषयावर थोडं लांबलं तरी नीट लिहायला हवं असं वाटतं.

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की विषाणू सोनोग्राफीत दिसत नाही. दिसते ती त्याने केलेली मोडतोड, तीही झाली असेल तर, आणि ती दिसण्याइतकी वाढल्यावर. चिपळूणला २०२१ च्या पुरानंतर घराघरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ राहिली होती. सोनोग्राफीत आम्ही शोधतो ती तशी रेघ. पाणी भिंतीपर्यंत न पोचताच ओसरलं तर रेघ उमटत नाही, आणि भिंतीवरचा प्रत्येक डाग पुराचाच असतो असंही नाही. म्हणून नॉर्मल सोनोग्राफी म्हणजे संसर्ग नाही असं होत नाही, आणि एखादी खूण दिसली म्हणजे संसर्गच आहे असंही होत नाही. निदान करायचं तर तीन गोष्टी शेजारी ठेवाव्या लागतात. आई नेमकी कधी आजारी पडली, तिचं रक्त काय सांगतं, आणि बाळात काय दिसतंय. यातली एकच धरून बोलणारा माणूस डॉक्टर असला तरी त्याचं ऐकून घाई करू नका.

आता तुमची ‘पांढरी आतडी’. इकोजेनिक म्हणजे आतड्याची चमक शेजारच्या हाडाइतकी दिसणं. मशीनचा गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, जास्त ठेवला किंवा जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब वापरला तर चांगल्या बाळाचीही आतडी पांढरी दिसतात. म्हणून गेन कमी करत जायचं आणि बाळाच्या कमरेच्या हाडाशी ताडून पाहायचं. हाड दिसेनासं होईपर्यंत आतडं चमकत राहिलं तरच ती खूण खरी. दुसरं म्हणजे त्याची कारणं बरीच आहेत. सुरुवातीला रक्तस्राव झाला असेल तर बाळाने गर्भजलाबरोबर ते रक्त गिळलेलं असतं, आणि आतडी पांढरी दिसण्याचं ते अगदी नेहमीचं कारण आहे. तुम्हाला पहिल्या तीन महिन्यांत अंगावरून थोडंही गेलं होतं का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. डाऊन सिंड्रोम, वारेतून रक्तपुरवठा कमी पडल्याने खुंटलेली वाढ, क्वचित सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार आणि सीएमव्हीसारखे संसर्ग ही बाकीची कारणं. पण एवढी एकच खूण असलेली बहुतेक बाळं पुढे ठणठणीत निघतात. एनटी स्कॅन आणि डबल मार्कर, या डाऊन सिंड्रोमचा धोका मोजणाऱ्या तपासण्यांचा रिपोर्ट असेल तर तो शोधून ठेवा.

टॉर्चबद्दल मला थोडं कडकच बोलायचं आहे. ही तपासणी आपल्याकडे नको तितकी होते. एखादा गर्भपात झाला, कर टॉर्च. दिवस राहिले, कर टॉर्च. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे आयुष्यात कधीतरी तो संसर्ग होऊन गेला, किंवा रुबेलाच्या बाबतीत लस मिळाली. तुमचं रुबेलाचं आयजीजी पॉझिटिव्ह आहे ही चांगली बातमी आहे, ते तुमचं संरक्षण आहे. सीएमव्हीचं आयजीजी तर भारतातल्या बहुतेक सगळ्या बायकांचं पॉझिटिव्ह येतं, कारण बहुतेकींना हा विषाणू लहानपणीच भेटून गेलेला असतो. आयजीएम नव्या संसर्गाची शंका दाखवतं, पण तेही महिनोन्‌महिने रेंगाळतं, दुसऱ्याच आजारात खोटं पॉझिटिव्ह येतं, जुना संसर्ग पुन्हा जागा झाला तरी येतं. नुसत्या आयजीएमवरून मूल पाडायला सांगणं हा अन्याय आहे. कुठल्याही तज्ज्ञाने तसा निर्णय घेऊ नये आणि कुठल्याही घराने तो मान्य करू नये. तुमच्या बाबतीत तपासणीला कारण होतं, ताप होता आणि सोनोग्राफीतली खूण होती, म्हणून हा कागद टाकाऊ नाही. पण ही पहिली पायरी झाली.

पुढची पायरी आयजीजी ॲव्हिडिटी. संसर्ग नवा असताना शरीरातली आयजीजी विषाणूला सैल धरतात, काही महिन्यांनी त्यांची पकड घट्ट होते. ॲव्हिडिटी कमी आली तर संसर्ग गेल्या तीन-चार महिन्यांतला असण्याची शक्यता जास्त, म्हणजे तुमचा तो दहाव्या आठवड्यातला ताप संशयात येतो. जास्त आली तर संसर्ग त्याहून जुना. विसाव्या आठवड्यात जास्त ॲव्हिडिटी आली तर दिवस राहण्याच्या आधीचा किंवा अगदी सुरुवातीचा संसर्ग पूर्ण नाकारता येत नाही, पण दहाव्या आठवड्यातल्या तापाला नवा सीएमव्ही म्हणता येणं अवघड होतं. हीच तपासणी पहिल्या तिमाहीत केली असती तर उत्तर जास्त स्वच्छ मिळालं असतं. त्यामुळे नोंदणीच्या वेळचं रक्त प्रयोगशाळेत राखून ठेवलेलं असेल का, हे एकदा विचारून बघा. बहुधा नसेल, पण विचारायला काही लागत नाही.

सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. पोटातल्या बाळाला होणाऱ्या विषाणूसंसर्गांत जगभर सगळ्यात जास्त आढळणारा हाच. मोठ्या माणसाला तो साध्या सर्दी-तापासारखा किंवा काहीच लक्षणं न देता होतो. लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून पसरतो, म्हणून अंगणवाडीत काम करणाऱ्या आणि घरी दोन-अडीच वर्षांचं मूल असणाऱ्या बाईला तो लागण्याची संधी जास्त. गरोदरपणात पहिल्यांदाच हा संसर्ग झाला तर पहिल्या तिमाहीत साधारण तिघींपैकी एकीच्या बाळापर्यंत तो पोचतो आणि शेवटच्या तिमाहीत तिघींपैकी दोघींच्या. पण नुकसानीचं गणित याच्या उलट असतं. उशिरा पोचलेला विषाणू बाळाला क्वचितच इजा करतो, गंभीर इजा होते ती बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतल्या संसर्गात. आणि तेव्हाही संसर्ग पोचलेल्या बाळांपैकी बहुतेक नीट वाढतात. हे वाक्य घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

जुना संसर्ग पुन्हा जागा झाला, किंवा सीएमव्हीच्याच दुसऱ्या जातीचा संसर्ग झाला, तर बाळापर्यंत पोचण्याची शक्यता बरीच कमी, साधारण शंभरात एक. पण आपल्याकडे जवळजवळ सगळ्याच बायका आधीच पॉझिटिव्ह असल्याने सीएमव्ही घेऊन जन्मणारी कित्येक बाळं अशाच आयांची असतात. म्हणून ‘जुना आहे, विसरून जा’ हेही पुरतं बरोबर नाही.

सीएमव्हीच्या शंकेने आलेल्या बाईची सोनोग्राफी मी वेगळ्या पद्धतीने करते. आधी मेंदू. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या, ज्यांना आम्ही वेंट्रिकल म्हणतो, त्या १० मिलिमीटरच्या आत हव्यात. त्यांच्या कडेला पांढरी किनार दिसते का, कडेने बारीक चुनखडीसारखे ठिपके आहेत का, पोकळीत पडदे तयार झालेत का, कानशिलाच्या बाजूच्या मेंदूत गाठोळ्या आहेत का, लहान मेंदू पुरेसा मोठा आहे का. बाळाचं डोकं खाली असेल तर योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत हे पोटावरच्यापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतं. बायका त्याला लाजतात, सासूबाई नको म्हणतात, पण या एका तपासणीसाठी तयार व्हा. त्याने बाळाला धोका नाही. मग डोक्याचा घेर मोजून मागच्या मापाशी ताडायचा. पोटात यकृत आणि प्लीहा वाढलेत का, यकृतात ठिपके आहेत का, पोटात किंवा हृदयाभोवती पाणी आहे का. वार जाड झाली आहे का, गर्भजल कमी-जास्त आहे का. नुसती पांढरी आतडी असणं आणि पांढऱ्या आतड्यांबरोबर मेंदूतलं काही असणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाळाचं पुढचं आयुष्य मुख्यत्वे मेंदूवरून ठरतं.

हे सगळं विसाव्या आठवड्यात दिसेलच असं नाही. आईच्या संसर्गानंतर विषाणू वारेत थांबतो, मग बाळात जातो, मग मेंदूत. खूण उमटायला कित्येक आठवडे लागतात, कधी तीन महिने. मेंदूच्या घड्या तर अठ्ठाविसाव्या-तिसाव्या आठवड्यापर्यंत नीट तयारच झालेल्या नसतात, त्यांतला दोष त्याआधी कोण दाखवणार? म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की एका नॉर्मल सोनोग्राफीवर थांबायचं नाही. संसर्ग बाळापर्यंत पोचल्याचं ठरलं तर दर दोन-तीन आठवड्यांनी सोनोग्राफी आणि तिसाव्या-बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या मेंदूचा एमआरआय. दोन्ही शेवटपर्यंत नॉर्मल राहिले तर मेंदूला मोठी इजा असण्याची शक्यता फार कमी राहते. ऐकण्याचा दोष मात्र कुठल्याही सोनोग्राफीत कळत नाही, हे ध्यानात ठेवा.

बाळाला संसर्ग झालाय की नाही हे नक्की सांगणारी तपासणी एकच, गर्भजल काढून त्यात विषाणू शोधणं. ॲम्निओसेंटेसिस म्हणतात ते हेच. संसर्ग झालेलं बाळ लघवीतून विषाणू गर्भजलात टाकतं, पण त्याला वेळ लागतो. म्हणून आईच्या संसर्गाला किमान आठ आठवडे होऊन गेल्यावर, शक्यतो विसाव्या आठवड्यानंतर ती करतात. घाईने केली तर उत्तर खोटं ‘नाही’ येऊ शकतं. तुमचा ताप दहाव्या आठवड्यातला, आता विसावा, म्हणजे तुम्ही बरोबर वेळेवर आहात. सुई म्हटलं की घरचे घाबरतात. अनुभवी हातांत त्यामुळे गर्भपात होण्याचा धोका अर्ध्या टक्क्याहून कमी असतो. ॲव्हिडिटी कमी आली किंवा दुसऱ्या सोनोग्राफीत पांढरी आतडी कायम राहिली, तर मी ती करून घ्यायला सांगेन. ॲव्हिडिटी जास्त, आतडी नीट आणि मेंदू नीट असेल तर थांबून नुसतं लक्ष ठेवणंही योग्य ठरेल. ही गर्भजलाची तपासणी फक्त नोंदणीकृत केंद्रातच होते, आणि गरोदरपणातला संसर्ग हे त्यासाठी गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याने मान्य केलेलं कारण आहे.

औषधाचं विचाराल तर, पहिल्या तिमाहीत नवा संसर्ग लगेच सापडला तर व्हॅलॅसायक्लोव्हिरच्या मोठ्या मात्रेने, रोज ८ ग्रॅम, तो बाळापर्यंत पोचण्याचं प्रमाण बरंच कमी होतं, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायली अभ्यासात दिसलं. पण त्याचा उपयोग लवकर सुरू केलं तरच. विसाव्या आठवड्यात ते स्वतःहून घेऊ नका.

तुमच्या प्रश्नात नसलेल्या काही विषाणूंबद्दलही लिहिते, कारण वाचणाऱ्या बाकी बायकांचा ताप सीएमव्हीचाच असेल असं नाही.

सोनोग्राफीमुळे बाळाचा जीव खरोखर वाचतो तो पार्व्हो बी-१९ मध्ये. लहान मुलांना यात ताप येतो आणि गाल थप्पड बसल्यासारखे लाल होतात. मोठ्या बाईला कधी पुरळ, कधी फक्त सांधे दुखणं, कधी काहीच नाही. हा विषाणू रक्त तयार करणाऱ्या पेशींवर बसतो. बाळाच्या तांबड्या पेशींचं आयुष्य आधीच कमी आणि वाढीमुळे रक्ताची गरज जास्त, त्यामुळे रक्तनिर्मिती काही आठवडे थांबली तरी बाळाला तीव्र ॲनिमिया होतो, हृदय थकतं आणि पोटात, छातीत, कातडीखाली पाणी साचतं. पण पाणी साचण्याआधीच ॲनिमिया ओळखता येतो. रक्त पातळ झालं की ते वेगाने वाहतं. बाळाच्या मेंदूतल्या एका धमनीतला हा वेग डॉप्लरने मोजायचा, आणि तो त्या आठवड्याच्या सरासरीच्या दीडपट पार गेला की बाळाला रक्ताची गरज असू शकते हे समजतं. मोजमाप नाजूक आहे. बाळ शांत असताना, धमनीच्या उगमाजवळ, बीमचा कोन शून्याच्या जवळ ठेवूनच घ्यायचं, नाहीतर आकडा फसवतो. अशा बाळाला पोटात असतानाच नाळेच्या शिरेतून रक्त देतात. बहुतेकदा एकदाच पुरतं, कारण तोवर बाळाची मज्जा पुन्हा कामाला लागते, आणि अशी बाळं पुढे चांगली वाढतात. शाळेत, वाडीत अशी साथ आली आणि तुम्ही विसाव्या आठवड्याच्या आत असाल तर रक्त तपासा. नवा संसर्ग निघाला तर पुढचे दहा-बारा आठवडे दर आठवड्या-पंधरवड्याला डॉप्लर करा. यात एक फेरी चुकली तर बाळ जाऊ शकतं. एसटी चुकली, पाऊस लागला, ही कारणं इथे चालत नाहीत.

रुबेलाची गोष्ट वेगळी. पहिल्या बारा आठवड्यांत झाला तर दहापैकी आठ-नऊ बाळांत दोष राहतो, विसाव्या आठवड्यानंतर सहसा काही नाही. डोळ्यातला मोतीबिंदू कधीकधी सोनोग्राफीत दिसतो, भिंगाच्या जागी पांढरा गोळा. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये अशाच मोतीबिंदूंवरून आईचा रुबेला आणि बाळाचे दोष यांचा संबंध जगासमोर आणला. पण रुबेलातला हृदयाचा एक अगदी नेहमीचा दोष, जन्मानंतर बंद व्हायला हवी ती रक्तवाहिनी उघडी राहणं, हा पोटात दिसूच शकत नाही, कारण पोटात ती प्रत्येक बाळाची उघडीच असते. बहिरेपणही दिसत नाही. म्हणून पहिल्या तिमाहीतला रुबेला सिद्ध झाला असेल तर नॉर्मल सोनोग्राफीवर विसंबू नये. या आजाराचं खरं उत्तर लस आहे. महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस गोवर-रुबेलाची मोठी मोहीम शाळाशाळांतून झाली, त्या मुली आता लग्नाच्या वयात येत आहेत. ज्यांना लस मिळालेली नाही त्यांनी दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधी घ्यावी. दिवसांत घ्यायची नसते.

कांजिण्यांबद्दल आपल्याकडची अडचण म्हणजे घरात कुणाला आल्या की ‘देवी आली’ म्हणून ते घरातच ठेवलं जातं. श्रद्धेला माझा विरोध नाही, पण घरात गरोदर सून असेल तर तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. तिला स्वतःला पूर्वी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर चिंता बहुधा नाही. नसतील तर संपर्कानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच काही करता येतं. विसाव्या आठवड्याच्या आत तिला कांजिण्या झाल्या तरी बाळात कायमचा दोष राहण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन इतकंच आहे. तो शोधायला कांजिण्यांनंतर किमान पाच आठवड्यांनी सोनोग्राफी करायची आणि हातापायांची लांबी, डोकं, डोळे, यकृतातले ठिपके पाहायचे. बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंतच्या काळात आईला पुरळ आलं तर मात्र तो नवजात बाळाच्या जिवाशी खेळ होतो, तेव्हा मोठ्या रुग्णालयातच जा.

झिका हे नाव कोकणात अजून परकं वाटतं. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या बेलसर गावात सापडला. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात जे रुग्ण निघाले त्यांत गरोदर बायका बऱ्याच होत्या. डेंग्यूचाच डास तो पसरवतो, आणि त्या डासाला आपल्या परसात जागा भरपूर. नारळाच्या करवंट्या, पोफळीच्या विऱ्या, पाणी साठवायची पिंपं, बंदरावरचे टायर, दोडामार्गाकडच्या रबराच्या बागांतल्या वाट्या. झिकातही मेंदूत ठिपके दिसतात, पण सीएमव्हीत ते पोकळ्यांच्या कडेला जास्त, तर झिकात मेंदूच्या बाहेरच्या थराखाली. डोकं लहान राहतं, कधी सांधे आखडलेले दिसतात. पुण्या-मुंबईहून गणपतीला आलेल्या गरोदर बाईला ताप आणि पुरळ असेल तर झिकाची तपासणी मागा. पॉझिटिव्ह आली तर दर तीन-चार आठवड्यांनी डोक्याची वाढ मोजत राहायची. साधा डेंग्यू, चिकुनगुन्या किंवा सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातला माकडताप यांच्यामुळे सोनोग्राफीत ओळखता येईल असा बाळातला ठरावीक दोष होत नाही. धोका आईला आणि बाळंतपणाच्या वेळचा असतो. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही सोनोग्राफीत दिसत नाहीत, त्यांना रक्ताची तपासणी आणि उपचार हाच मार्ग, आणि तो चांगला आहे.

आता आपल्या भागातलं एक मोठं दुखणं. ॲनॉमली स्कॅन अठरा ते विसाव्या आठवड्यात व्हायला हवं. आपल्याकडे ते बाविसाव्या-तेविसाव्यात होतं, कारण आंबा उतरायचा असतो, शिमगा असतो, नवरा मुंबईहून सुट्टी काढून यायचा असतो. त्या वेळी काही दिसलं तर कोल्हापूर, बेळगाव किंवा मुंबई गाठायची, गर्भजल तपासायला द्यायचं, रिपोर्टची वाट पाहायची, एवढ्यात चोविसावा आठवडा उलटतो. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाळात गंभीर दोष असेल तर चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, त्यानंतर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. दार बंद होत नाही, पण वाट लांब होते. आणि मी फक्त गर्भपाताबद्दल बोलत नाही. वेळेत कळलं तर बाळंतपण कुठे करायचं, बाळाला पहिल्या आठवड्यात काय द्यायचं, हे सगळं ठरवता येतं. दुसरी अडचण माहेराची. सातव्या महिन्यात मुलगी डोहाळजेवण करून माहेरी येते आणि फाईल सासरी राहते. जुनी मापं नसतील तर डोकं वाढायचं थांबलंय की मुळातच लहान आहे, हे मी कशावरून सांगू? प्रत्येक कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. आणि ताप आला, पुरळ आलं की तारीख कॅलेंडरवर लिहा. ग्रहणात काय चिरलं ते घरातल्या सगळ्यांना आठवतं, ताप कधी आला ते कुणालाच आठवत नाही, आणि माझं अर्धं निदान त्या तारखेवर असतं.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. याच आठवड्यात ॲव्हिडिटीचं रक्त द्या. त्याचबरोबर फीटल मेडिसिन तज्ज्ञाची, म्हणजे पोटातल्या बाळाच्या आजारांच्या डॉक्टरांची, वेळ घ्या, देवगडहून कोल्हापूर सोपं पडेल. तिथे आतडी पुन्हा पाहायची आणि मेंदूची सविस्तर सोनोग्राफी करायची. डाऊन सिंड्रोमचा धोका मोजलेला नसेल तर तोही विचारा, म्हणजे गर्भजल काढलंच तर दोन्ही तपासण्या एकाच सुईत होतील. गर्भजलात विषाणू सापडला नाही तर सीएमव्हीची काळजी बहुतेक संपली, पांढऱ्या आतड्यांसाठी वाढीचं स्कॅन अठ्ठावीस आणि बत्तीस आठवड्यांना करत राहायचं. सापडला आणि मेंदू नीट असला तर हिंमत धरा, वर सांगितल्याप्रमाणे लक्ष ठेवत पुढे जायचं. मेंदूत मोठी इजा दिसली तरच पुढचा कठीण विचार, आणि तोही तुम्ही दोघांनी, तज्ज्ञाशी बोलून. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने नव्हे.

गर्भजल तपासलं नाही किंवा त्यात विषाणू सापडला, तर बाळ जन्मल्यावर पहिल्या एकवीस दिवसांत त्याच्या लघवीची किंवा लाळेची सीएमव्ही पीसीआर, म्हणजे विषाणू शोधणारी तपासणी, करून घ्या. एकविसाव्या दिवसानंतर विषाणू सापडला तरी तो पोटातच लागला होता की जन्मानंतर दुधातून, हे सांगता येत नाही. बाळंतपण माहेरी असो वा सासरी, ही ओळ फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा, कारण बाळ दिसायला छान असलं की बाराव्या दिवशी बारशाच्या गडबडीत हे राहून जातं. लक्षणं असलेल्या बाळाला पहिल्या महिन्याच्या आत व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर सुरू करून सहा महिने देतात, त्याने ऐकणं आणि वाढ राखायला मदत होते. संसर्ग असूनही जन्मतः काहीच लक्षण नसलेल्या बाळांपैकी साधारण शंभरात दहा-पंधरा जणांना पुढे ऐकू कमी येतं, कधी दोन-तीन वर्षांनी. म्हणून जन्मानंतरची एक कानाची तपासणी पास झाली तरी बेरा ही ऐकण्याची सविस्तर तपासणी करून घ्या, आणि शाळेत जाईपर्यंत दर सहा महिन्यांनी कान तपासत राहा. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून याची वाट आहे, अंगणवाडीत असल्याने ती तुम्हाला इतरांपेक्षा जास्त माहीत असेल.

शेवटी पहिल्या मुलाचं. त्याला आजोळी पाठवायची गरज नाही, त्याची तपासणीही नको. त्याचं उष्टं तेवढं खाऊ नका, ओठांवर पापी घेऊ नका, त्याचं शेंबूड-लाळ पुसल्यावर आणि चड्डी बदलल्यावर साबणाने हात धुवा. अंगणवाडीतल्या मुलांच्या बाबतीतही एवढंच. नोकरी सोडू नका. तुमच्याबरोबरच्या ज्या सेविका दिवस राहायची वाट पाहत आहेत, त्यांना हे आजच सांगा. त्यांच्यासाठी ते तुमच्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.